पत्नीच्या उपचारासाठी

सुदर्शन ओव्हाळला सायकलीचं वेड लागलं ते बेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे ज्या वयात बाकीच्यांना गुडघेदुखी लागते त्या वयात. डॉक्टरांनी साखर काठावर आहे असं सांगून रोज तासभर चालायला सांगितलं होतं. चालायला पैसे पडत नाहीत, हा त्या सल्ल्यातला मोठा गुण. पण फुकटच्या औषधावर माणसाचा विश्वास बसत नाही, आणि सुदर्शनचा तर कधीच बसला नव्हता. वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता आला तेव्हा त्यातल्या बत्तीस हजारांत त्याने पुष्करची जुनी रोड बाइक घेतली.

सुदर्शन एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. वारज्यात तिसऱ्या मजल्यावर एक बेडरूमचा फ्लॅट, त्याचा हप्ता अजून अकरा वर्षं चालायचा. मुलगी आठवीत. बायको दीपाली घरीच साड्यांना फॉल-पिको करते. लग्नसराईत तिचं मशीन थांबत नाही आणि एरवी गिऱ्हाईक येत नाही. सुदर्शनच्या वडिलांनी महापालिकेत पस्तीस वर्षं नोकरी केली ती काळ्या सायकलवर, आणि पहिली स्कूटर आली त्या दिवशी ती सायकल भंगारात घालून वर पेढे वाटले. मुलाने बत्तीस हजारांची सायकल आणलेली बघायला ते नव्हते, हे एका परीने बरंच झालं.

पुष्कर हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर होता. दर रविवारी पहाटे वारज्याच्या पुलाखाली सात-आठ जण जमायचे, तिथून खडकवासल्यामार्गे सिंहगडाच्या पायथ्याला आणि मग वर. पुष्कर त्यांचा म्होरक्या. गडाचा चढ कोण किती मिनिटांत चढला ते लगेच फोनवर सगळ्यांना दिसायचं. पुष्कर बेचाळीस मिनिटांत चढायचा, बाकीचे चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या आसपास. सुदर्शन सत्तेचाळीस मिनिटं वीस सेकंद. दोन वर्षं झाली, त्या सत्तेचाळीसच्या खाली तो काही आला नाही.

"त्या लोखंडावर सत्तेचाळीस? मानलं बुवा तुला!" पुष्कर गडावर पिठलं-भाकरी खाताना म्हणायचा आणि बाकीचे माना डोलवायचे.

सायकल लोखंडाची नव्हती, ॲल्युमिनियमची होती, आणि मुळात पुष्करचीच होती. पण सुदर्शनला ते वाक्य फार आवडायचं. कार्यालयात वीस वर्षांत कुणी त्याला मानलं बुवा म्हटलं नव्हतं. त्याच्या मागून आलेले दोघे परीक्षा देऊन साहेब झाले होते आणि आता त्याला फाइल आणायला सांगत होते. इथे मात्र लोक म्हणत होते की माणूस चांगला आहे, फक्त सायकल आड येते. हे ऐकायला माणूस सिंहगड काय, हिमालयसुद्धा चढेल. सुदर्शनच्या डोक्यात हळूहळू पक्कं बसलं की आपण खरे त्रेचाळीस मिनिटांचे आहोत, उरलेली चार मिनिटं चाकांची आहेत.

मग तो चाकांच्या मागे लागला. जेवताना चाकं, झोपताना चाकं. कार्बनची चाकं किती ग्रॅम, कुठली वाऱ्याला कशी कापतात, परदेशात काय भाव, इथे काय भाव. दीपाली समोर बसून एका बाजूने घास चावत असायची, कारण दुसऱ्या बाजूची दाढ दुखत होती. दातांच्या डॉक्टरांनी रूट कॅनॉल आणि वर कॅप, मिळून नऊ हजार सांगितले होते. "पुढच्या महिन्यात बघू," असं सुदर्शन तीन महिने म्हणत होता. त्याला दुखणं खोटं वाटत होतं असं नाही, ते दुसऱ्याचं होतं एवढंच.

अशात एका मंगळवारी पुष्करचा फोन आला. तो नवी चाकं मागवत होता, जुनी काढायची होती. "तुला म्हणून बहात्तर. दुसरा एक जण नव्वदला तयार आहे, शनिवारी न्यायला येतोय. पण मला वाटतं ती तुझ्याकडे जावीत. यू डिझर्व्ह देम."

दुसरा जण नव्वद देत असताना बहात्तरला कोण विकतं, हा प्रश्न कसबा पेठेतल्या कुठल्याही दुकानदाराने पहिल्या श्वासात विचारला असता. सुदर्शनने नाही विचारला. त्याने रात्रभर फक्त शनिवारचा विचार केला.

पैसे मिळण्याची एकच जागा होती, कर्मचाऱ्यांची पतसंस्था. साध्या कर्जाचा अर्ज समितीच्या बैठकीत जायचा आणि बैठक महिनाअखेरीला. तातडीचं कर्ज मात्र समितीतल्या पाच जणांच्या सह्या झाल्या की मिळायचं. त्याच्या अर्जावर कारणाची एक रेघ होती आणि त्या रेघेवर सायकलीची चाकं लिहून चालणार नव्हतं. बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत सुदर्शनने त्या रेघेवर आपल्या सुवाच्य सरकारी अक्षरात लिहिलं : पत्नीच्या उपचारासाठी. रक्कम पंच्याहत्तर हजार. तीन हजार ब्रेकच्या पॅडचे, कारण कार्बनच्या चाकांना पॅडही वेगळे लागतात.

हे अगदीच खोटं नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. दीपालीची दाढ दुखत होतीच की. उपचार करायचा होताच. त्याने आजाराचं नाव लिहिलं नाही, आणि न लिहिलेली गोष्ट खोटी कशी असेल?

शेजारच्या टेबलावरच्या मैनाताई जामीन राहिल्या. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, काही न विचारता सही केली. बायकांच्या आजाराचं नाव बाईमाणसाने पुरुषाला विचारू नये, एवढी त्यांना समज होती. आणि अर्ज गेला धोंडिबांच्या हातात.

धोंडिबा कार्यालयातले सर्वांत जुने शिपाई, निवृत्तीला दोन महिने उरलेले. वाघोलीच्या पलीकडच्या एका वस्तीवरून दोन बस बदलून रोज येत. कार्यालयात कुठलाही कागद आपल्या पायांनी चालत नाही, तो धोंडिबांच्या पायांनी चालतो. त्यांच्या मनात नसेल तर फाइल पंधरा दिवस एका टेबलावर बसे. अर्जावरची रेघ त्यांनी बोट ठेवून वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांची स्वतःची बायको उपचाराला पैसे जमेपर्यंत थांबली नव्हती, हे कार्यालयात सगळ्यांना ठाऊक होतं.

"भाऊसाहेब, तुम्ही काळजी करू नगा," ते म्हणाले. "कागद माज्याकडं हाय."

दोन दिवसांत पाच सह्या झाल्या. एक सदस्य रजेवर होते, तर धोंडिबा कसबा पेठेत त्यांच्या घरी गेले आणि त्यांची पूजा आटपेपर्यंत जिन्यात उभे राहिले. शुक्रवारी संध्याकाळी पैसे सुदर्शनच्या खात्यात होते आणि शनिवारी सकाळी चाकं त्याच्या घरात. "पुष्करने वापरून बघायला दिलीत," असं त्याने दीपालीला सांगितलं. तिने मशीनवरून मान वर करून चाकांकडे पाहिलं, गालावर हात ठेवला आणि पुन्हा मान खाली घातली.

रविवारी पहाटे तो पुलाखाली पोचला तेव्हा सगळ्यांनी सायकलीभोवती गोल केला. शिट्ट्या वाजल्या, फोटो निघाले. खडकवासल्याच्या सपाट रस्त्यावर चाकं अशी सुटली की सुदर्शनला रडू यायचं बाकी होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो पुष्करच्या बरोबरीने पायथ्याला आला. मग चढ लागला. पहिलं वळण, दुसरं वळण, आणि तिसऱ्या वळणापाशी एकेक जण त्याला मागे टाकून पुढे गेला, अगदी दर रविवारसारखा. मांड्या पेटल्या, तोंडाला फेस आला. चाकं हलकी होती, चढ तेवढाच होता आणि पाय चव्वेचाळीस वर्षांचेच होते.

वेळ आली सेहेचाळीस मिनिटं पस्तीस सेकंद. पंचेचाळीस सेकंदांची कमाई. बहात्तर हजारांना भागून बघा, सेकंदाला सोळाशे रुपये पडले.

पुष्करने फोनमध्ये पाहिलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "चाकं मस्त आहेत रे! आता काही कारण उरलं नाही. आता फक्त पाय."

सगळे हसले. त्या दिवशी मानलं बुवा कुणी म्हटलं नाही, आणि त्यानंतरही कधी म्हटलं नाही. लोखंडावरचा शूर माणूस काल होता; आज होता तो कार्बनच्या चाकांवर शेवटून पहिला येणारा एक लिपिक. बहात्तर हजार देऊन सुदर्शनने आपली एकुलती सबब विकली होती, आणि हे त्याला भाकरीचा तुकडा मोडताना लख्ख कळलं.

घरी आला तेव्हा अकरा वाजले होते. सायकल खाली पार्किंगमध्ये ठेवायची त्याची छाती नव्हती, म्हणून ती खांद्यावर घेऊन तो तीन जिने चढला. दार उघडंच होतं. अंगाला चिकटलेली चड्डी, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर सायकल अशा अवतारात तो आत शिरला, आणि समोर खुर्चीवर मैनाताई बसलेल्या. त्यांच्या शेजारी धोंडिबा. आणि दिवाणावर, पायांवर चादर घेऊन, गालाला ओढणी बांधून, दीपाली.

मैनाताईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बायकोचा पंच्याहत्तर हजारांचा उपचार चाललेला माणूस रविवारी सकाळी कसा दिसावा याची त्यांची काही कल्पना असणार, आणि ती ही नव्हती.

"मीच पाठवलं त्यांना," दीपाली म्हणाली. आवाज खोल गेलेला, शब्द सुजलेल्या गालातून जेमतेम बाहेर येत होते. "रात्र रात्र उशाशी बसून असतात. म्हटलं, जरा मोकळ्या हवेत जाऊन या. नाहीतर तुम्हीच आजारी पडाल."

मैनाताईंचा चेहरा निवळला. "बरोबर आहे गं. पुरुषांना बोलता येत नाही, मनातच कुढतात."

सुदर्शनने सायकल भिंतीला टेकवली. नवी चाकं उन्हात काळीभोर चमकत होती. धोंडिबांनी तिकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली. त्यांच्या लेखी सायकल म्हणजे सायकल. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली गावरान अंडी काढून टीपॉयवर ठेवली, एक डझन. मग सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात पांढरा दोरा होता.

"जय भीम, पोरी, उठू नगंस," ते म्हणाले. "काल आमच्या विहारात भंतेजी आलते. त्यास्नी सांगितलं, आमच्या भाऊसाहेबांची बायको लई आजारी हाय. त्यांनी परित्राण पाठ म्हटला तुज्यासाठी, तासभर. आमची समदी वस्ती बसलीती. त्यो दोरा हाय ह्यो. हात दे."

दीपालीने हात पुढे केला. धोंडिबांकडून गाठ दोनदा सुटली. ती गाठ बांधेपर्यंत सुदर्शन हेल्मेट हातात धरून उभा होता. भिंतीवरून बाबासाहेब आणि बुद्ध बघत होते. आपल्यापायी एक अख्खी वस्ती तासभर मांडी घालून बसली होती, हे कळल्यावर त्याला वाटलं की आत्ता, इथेच सगळं सांगून टाकावं. तोंड उघडलंही. मग मैनाताईंनी विचारलं, "ऑपरेशन कधी?" आणि दीपाली म्हणाली, "गरज नाही पडणार बहुतेक. औषधांनी उतार आहे." आणि त्याने तोंड मिटलं.

पाहुणे गेले. दीपालीने चादर झटकून घडी घातली.

"उपचार म्हणजे काय लिहिलंत?"

"नुसतं उपचार. आजाराचं नाव नाही लिहिलं."

"बरं केलंत. नाहीतर मला तोच करून घ्यावा लागला असता."

"तुझी दाढ होतीच ना दुखत," तो म्हणाला. हे वाक्य चार दिवस त्याला अगदी भक्कम वाटलं होतं. तोंडातून बाहेर पडल्यावर त्याचं काय झालं ते त्याने स्वतःच ऐकलं.

"दाढेचे नऊ हजार सांगितलेत. मैनाताई तर पंच्याहत्तर म्हणाल्या. बाकीचे सहासष्ट माझ्या कुठल्या अवयवाचे?"

तिने अंडी एकेक करून फ्रिजमध्ये लावली. तिची पाठ त्याच्याकडे होती.

"दर रविवारी विहारात उभी राहून पंचशील घेते मी. खोटं बोलणार नाही असं म्हणते. आज ते म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर मोडलं. दोन बस बदलून आले होते हो ते." तिने फ्रिजचं दार लावलं. "तुम्हाला वाचवायला नाही मोडलं, हे लक्षात ठेवा. त्यांना काय वाटलं असतं, म्हणून मोडलं."

त्या दिवशी संध्याकाळी सुदर्शनने पुष्करला फोन केला. चाकं परत घेशील का? "परत? अरे, आता ती तू वापरलेली," पुष्कर म्हणाला. "पन्नास देऊ शकेन. आणि तो दुसरा माणूस आता नाहीये." बावीस हजारांचा तोटा. एका आठवड्यात एवढा तोटा सोसणं हा शुद्ध मूर्खपणा ठरेल, असा सुदर्शनने हिशेब केला. पन्नास हजारांत दाढ झाली असती आणि कर्जही निम्म्याहून जास्त फिटलं असतं, हा हिशेब त्याने केलाच नाही. खरी गोष्ट एवढीच होती की ती चाकं त्याला सोडवत नव्हती. अजूनही त्याला वाटत होतं की पाय थोडे तयार झाले की त्रेचाळीस येईल.

महिन्याच्या पगारातून सात हजार कापले गेले. त्याच आठवड्यात दीपाली एकटीच दातांच्या कॉलेजात जाऊन दाढ काढून आली. तिथल्या डॉक्टर मुलीने दाढ वाचेल, रूट कॅनॉल करा, असं सांगितलं होतं. दीपालीने किती लागतील ते विचारलं आणि काढा म्हणाली. सुदर्शन घरी आला तेव्हा ती तोंडात कापूस धरून मशीन चालवत होती. "अगं, मी काहीतरी केलं असतं ना," तो म्हणाला. तिने कापूस नीट दाबून धरला आणि पुढच्या साडीची कड मशीनखाली सरकवली.

कार्यालयात मात्र तिची तब्येत रोज विचारली जात होती. जेवणाच्या सुट्टीत सुदर्शनला काहीतरी सांगावं लागे. आज ताप नाही. काल थोडी चालली. रिपोर्ट चांगले आहेत. हळूहळू त्याने तिला बरं करत आणलं, आणि लोकांना त्याचं कौतुक वाटू लागलं. एका तरुण लिपिकाने तर आपल्या होणाऱ्या बायकोला ओव्हाळ सरांचं उदाहरण दिलं म्हणे. सुदर्शनला मानलं बुवा आता तिथे ऐकायला मिळत होतं, जिथे वीस वर्षांत कधी मिळालं नव्हतं, आणि ते ऐकलं की तो अर्धा चहा तसाच ठेवून टेबलावर परत जायचा.

दोन महिन्यांनी धोंडिबांचा निरोप समारंभ आला. त्यांनी स्वतः दीपालीला फोन करून बोलावलं होतं, त्यामुळे ती आली. ठेवणीतली निळी साडी नेसून ती दुसऱ्या रांगेत बसली आणि बायका येऊन तिचा हात हातात घेऊन म्हणत राहिल्या, किती वाळलीस गं, पण आता तजेला आलाय हं. ती ओठ मिटून हसत होती. हसताना डाव्या बाजूची रिकामी जागा दिसते, म्हणून हल्ली ती ओठ उघडत नसे.

साहेबांचं भाषण झालं. शाल, श्रीफळ, फ्रेम केलेलं मानपत्र झालं. मग धोंडिबा बोलायला उभे राहिले. पस्तीस वर्षांत त्यांनी माइक लावले होते, माइकवर बोलले कधी नव्हते.

"म्या लई कागद फिरवलं," ते म्हणाले. "कुणाच्या बदलीचं, कुणाच्या चौकशीचं. पर एकच कागद म्या पळत फिरवला. माजी बायको पैशापायी गेली. ह्या ओव्हाळ भाऊसाहेबांनी बायकोसाठी कर्ज काढलं, तवा म्या म्हटलं, ही पोरगी न्हाय जाऊ द्यायची. आन् बगा, समूर बसलीया." त्यांनी शालीने डोळे पुसले. "नोकरीत एवडं एकच काम म्या मनापासनं केलं."

मैनाताई रडत होत्या. कुणीतरी म्हणालं, वहिनींना बोलू द्या, आणि दीपाली नको नको म्हणत असताना माइक तिच्या हातात आला. आता ती बोलेल, आता सगळं बाहेर येईल, असं सुदर्शनला वाटलं, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण तिची नाही, आपलीच काळजी करतो आहोत.

दीपाली उभी राहिली.

"आजवर माझ्यासाठी कुणी एवढं केलं नव्हतं," ती म्हणाली, आणि खाली बसली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्या माना सुदर्शनकडे वळल्या, साहेबांनीसुद्धा पुढे वाकून त्याचा हात हातात घेतला. बोलताना दीपाली बघत होती ती धोंडिबांकडे, आणि अजूनही तिकडेच बघत होती. भरल्या सभागृहात हे एकट्या सुदर्शनला दिसलं. टाळ्या थांबेनात, तेव्हा त्याला उभं राहून सगळ्यांना हात जोडावे लागले.